लग्नाच्या आत तारा निघतील का हो, डॉक्टर?

'डीप बाइट'साठी तारा लावायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, किती महिने? दुसरा लगेच येतो, लवकर नाही का होणार? 'फास्ट ब्रेसेस'च्या जाहिराती सगळीकडे दिसतात. पण दात खरंच वेगात पळवता येतात का? तारा लावून बसलेल्या एका घाईवालीने घेतलेला हा शोध.

चला, एक छोटीशी टेस्ट करू या. ऑफिसच्या वॉशरूममध्ये आरसा असतोच. मागच्या दाढा नेहमीसारख्या एकमेकींवर टेकवा, ओठ बाजूला करा आणि बघा, खालचे पुढचे दात किती दिसतात? वरच्या दातांनी खालच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, झाकलेला असेल तर टेन्शन नको. पण अर्ध्याहून जास्त भाग झाकला गेला असेल, किंवा खालचे दात पूर्णच गायब असतील, तर त्याला दातांचे डॉक्टर म्हणतात 'डीप बाइट'.

माझा रिझल्ट? खालचे दात गायब! मास कॉमच्या प्रॅक्टिकलमध्ये कॅमेऱ्यासमोर बोलताना हे पहिल्यांदा लक्षात आलं होतं. पण तेव्हा वाटलं, दिसण्याचाच तर प्रश्न आहे, बघू नंतर. हा प्रश्न फक्त दिसण्याचा नसतो, हे खूप उशिरा कळलं. डीप बाइटमध्ये खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूला घासून झिजतात. काही जणांचे तर थेट टाळूच्या हिरडीवर आपटतात आणि तिथे जखम होते. पुढे कधी दाताला कॅप किंवा फिलिंग करायचं म्हटलं तर त्यासाठी जागाच उरत नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात 'तारा' म्हटलं की पब्लिकला आधी उस्मानपुऱ्यातलं तारा पान आठवतं. पण सध्या कॅनॉटला कॉफी पिताना आजूबाजूला बघा, पंचविशी-तिशीतले कितीतरी जण दातांच्या ताराही मिरवताना दिसतील. शाळेत असताना घरच्यांनी टाळलेलं काम पहिल्या-दुसऱ्या पगारातून करून घेणारी ही जनरेशन आहे. आणि नेमकं याच वयात नवीन नोकरी, व्हिसा, साखरपुडा, लग्न असं सगळं रांगेत उभं असतं. त्यामुळे घाई.

मला वेळ सांगितली गेली वीस ते बावीस महिने. लग्न ठरलंय चौदा महिन्यांनी. एका क्लिनिकमध्ये मला 'फास्ट-ट्रॅक पॅकेज'ही ऑफर झालं. जास्तीचे पैसे भरा, वेळ जवळजवळ निम्मा. ऐकायला मस्त वाटलं. पण पैसे भरण्याआधी थोडं वाचायचं ठरवलं आणि वाचता वाचता बऱ्याच गोष्टी उलगडत गेल्या.

दात सरकतो म्हणजे नेमकं काय होतं?

दात म्हणजे सिमेंटमध्ये गाडलेला खांब नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दाताला हलका दाब दिला की हा थर एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमा होतात, त्यांना 'ऑस्टिओक्लास्ट' म्हणतात. ताणलेल्या बाजूला नवं हाड बांधणाऱ्या 'ऑस्टिओब्लास्ट' पेशी कामाला लागतात. म्हणजे आपल्या शहरातल्या रस्ता रुंदीकरणासारखंच, एकीकडे पाडापाडी, दुसरीकडे बांधकाम. फरक एवढाच की इथे दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि त्यातून दात पुढे सरकत राहतो.

या कामाचा नेहमीचा स्पीड साधारण महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून पूर्ण ट्रीटमेंटला वेळ लागतो. जगभरातल्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात फिक्स्ड ब्रेसेसच्या ट्रीटमेंटचा सरासरी काळ निघाला सुमारे वीस महिने. म्हणजे मला सांगितलेली वेळ काही जगावेगळी नव्हती.

मग तार जरा घट्ट आवळली तर? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही शंभर वर्षांहून जुनं आहे. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्याच्या दातांवर प्रयोग केले. जोर जास्त झाला की दबलेल्या भागातला रक्तपुरवठाच बंद पडतो, तिथल्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा दिसायला लागतो. पेशीच नाहीत, तर हाड विरघळवणार कोण? मग शरीराला मागच्या बाजूने हाड पोखरत यावं लागतं आणि तोवर दात कित्येक आठवडे आहे तिथेच अडून राहतो. म्हणजे जोर वाढवला की दुखणं वाढतं, स्पीड वाढतोच असं नाही.

डीप बाइटचा हिशेब वेगळा

वेडेवाकडे दात रांगेत आणणं एक, डीप बाइट उघडणं दुसरं. इथे दात मागे-पुढे नाही, वर-खाली न्यायचे असतात. त्याचे मुख्य मार्ग तीन. वरचे पुढचे दात हाडात वर सरकवायचे, खालचे पुढचे दात खाली सरकवायचे, किंवा मागच्या दाढा थोड्या बाहेर काढायच्या. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये तिसरा मार्ग छान चालतो, कारण चेहऱ्याची उंचीही वाढत असते. आपल्या वयात ती वाढ थांबलेली असते. त्यामुळे पहिल्या दोन मार्गांवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

कोणता मार्ग निवडायचा हे हसण्यावरही ठरतं. हसताना हिरड्या खूप दिसत असतील तर वरचे दात वर नेणं फायद्याचं. पण मुळातच वरचे दात कमी दिसत असतील आणि तेच आणखी वर नेले तर हसू वयस्कर दिसायला लागतं. म्हणून मैत्रिणीची ट्रीटमेंट अशी झाली, मग माझीही तशीच करा, असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

दात हाडात सरकवण्याला म्हणतात 'इंट्रूजन'. त्यासाठी लागणारा जोर ऐकून मी थक्क झाले. एका दाताला फक्त दहा ते वीस ग्रॅम! दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच. इतका कमी जोर का? कारण इंट्रूजनमध्ये सगळा दाब मुळाच्या टोकावर एकवटतो. जोर वाढला की मूळ टोकाकडून झिजायला लागतं. ते झिजून आखूड झालेलं मूळ पुन्हा वाढत नाही. २००५ मधल्या एका अभ्यासात एकाच माणसाच्या तोंडात एका बाजूचा दात आत ढकलला आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर ओढला. आत ढकललेल्या दाताच्या मुळाची झीज सुमारे चौपट निघाली. डीप बाइटमध्ये घाई महाग पडते ती अशी.

स्पीडचं मार्केट

आता वळू या त्या पॅकेजेसकडे. आपल्याकडच्या जाहिरातींत जे काही दिसतं, त्याची साधारण यादी अशी.

*थरथरणारं यंत्र.* तोंडात माउथपीस धरायचं आणि रोज वीस मिनिटं ते हलकं थरथरत राहणार. 'अ‍ॅक्सेलडेंट' हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ब्रिटनमध्ये वीस वर्षांखालच्या ८१ जणांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. एका गटाला खरं यंत्र, दुसऱ्याला न थरथरणारं खोटं यंत्र, तिसऱ्याला फक्त तारा. दात रांगेत येण्याच्या वेगात काहीही फरक पडला नाही.

*हाडाला बारीक छिद्रं.* याचं नाव 'मायक्रो-ऑस्टिओपरफोरेशन'. हिरडी बधिर करून दाताजवळच्या हाडात छोटी छिद्रं पाडायची, म्हणजे शरीर तिथे दुरुस्तीला धावतं आणि दात लवकर सरकतो, अशी कल्पना. अमेरिकेत २०१३ मध्ये वीस जणांवर झालेल्या प्रयोगात २८ दिवसांत सुळ्याचा वेग दुपटीहून जास्त वाढल्याचं छापून आलं आणि एकदम हवा झाली. पण २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या चाचणीत तीन महिने मोजमाप केलं, तेव्हा काहीच फरक आढळला नाही.

*हाडावर शस्त्रक्रिया.* याला म्हणतात 'कॉर्टिकोटॉमी'. हाइनरिश कोले यांच्या १९५९ च्या कामापासून ही कल्पना चालत आली आहे. हाडाला इजा झाली की तिथली उलाढाल काही काळ वाढते, हे हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी १९८३ मध्ये नीट मांडलं. मग २००१ मध्ये थॉमस आणि विल्यम विल्को या भावांनी हाडावर खाचा पाडून, वर हाडाची पूड भरून लवकर झालेल्या केसेस दाखवल्या. यादीतल्या सगळ्या प्रकारांत वेग खरंच वाढण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथेच. पण हा परिणाम काही महिनेच टिकतो, आणि त्यासाठी हिरडी उघडून ऑपरेशन, सूज, टाके, खर्च हे सगळं आलं.

*लेझर.* मंद लेझरने दुखणं कमी होतं आणि दात लवकर सरकतो, असा दावा. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण पुरावा अजून कच्चाच आहे.

*सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट.* रबर लागत नाही, ब्रॅकेटलाच झाकण असतं. बसवायला सोयीचे खरे, पण चाचण्यांचे आढावे घेतले तर त्यांनी महिने वाचतात असं काही दिसत नाही.

वैद्यकीय पुरावे तपासणारी 'कोक्रेन' ही जागतिक संस्था आहे. शस्त्रक्रिया न करता दातांचा वेग वाढवण्याच्या उपायांचा आढावा त्यांनी २०२३ मध्ये नव्याने घेतला. तेव्हाही या उपायांनी ट्रीटमेंटचा काळ ठळकपणे कमी होतो, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा हाती लागला नाही. आणखी एक गोष्ट कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. यातल्या बहुतेक चाचण्या सुळा मागे सरकवणं किंवा वाकडे दात रांगेत आणणं यावर झाल्या आहेत. डीप बाइटमधलं इंट्रूजन हा वेगळा मामला आहे.

मी पॅकेज घेतलं नाही, हे सांगायला नकोच.

मग वेळ वाचतो कुठे?

वेळ वाचतो! पण हाडाला पळवून नाही, तर फुकट जाणारे महिने वाचवून. डीप बाइटमध्ये असे महिने बरेच असतात.

पहिला घोटाळा असा की वरचे दात खालच्या दातांवर इतके खाली आलेले असतात, की खालच्या दातांवर ब्रॅकेट चिकटवायला जागाच नसते. चिकटवले तरी पहिल्या चाव्यात निघतात. म्हणून पूर्वी बऱ्याचदा आधी वरच्या तारा, मग काही महिन्यांनी खालच्या, असं चालायचं. यावर साधा उपाय आहे 'बाइट टर्बो'. वरच्या पुढच्या दातांच्या मागे किंवा दाढांवर फिलिंगच्या मटेरियलचा छोटा उंचवटा चिकटवतात. चावताना दात त्यावर टेकतात, मध्ये जागा तयार होते आणि खालच्या तारा पहिल्या दिवसापासून लावता येतात. पहिले आठ-दहा दिवस जेवताना वैताग येतो, बोलताना जीभ अडखळते. मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन असेल तर आधीच प्रॅक्टिस करा! पण ही छोटीशी गोळी जे महिने वाचवते, ते थरथरणारं यंत्र वाचवत नाही.

दुसरी गोष्ट, मिनी-स्क्रू. पुढचे दात वर ढकलायचे तर आधार कशाचा घ्यायचा? दाढांचा घेतला तर दाढाच हलतात आणि मग त्या पुन्हा जागेवर आणण्यात वेळ जातो. १९८३ मध्ये अमेरिकेत थॉमस क्रीकमोर आणि मायकेल एकलंड यांनी डीप बाइटच्याच एका पेशंटच्या वरच्या हाडात छोटा धातूचा स्क्रू बसवला आणि त्याला धरून पुढचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. पुढे त्यातून आजचे बारीक मिनी-स्क्रू आले. फक्त हिरडी बधिर करून ते बसवतात आणि काम झालं की काढून टाकतात. स्क्रूमुळे हाड लवकर विरघळत नाही. पण नको त्या दातांची हालचाल टळते आणि नंतरची दुरुस्ती वाचते.

तिसरी गोष्ट, तार. निकेल-टायटॅनियमची तार वाकवली तरी हळूहळू मूळ आकारात येते आणि बरेच दिवस हलका, एकसारखा जोर देत राहते. हा मिश्रधातू सापडला अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत. १९७० च्या दशकात तो दातांच्या डॉक्टरांपर्यंत पोचला. आपल्याला हवा असलेला तो दहा-वीस ग्रॅमचा हलका जोर मिळवणं अशा तारांमुळे सोपं झालं.

आणि चौथी गोष्ट आपल्याच हातात. तुटलेला प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे थांबलेलं काम. दौलताबादचे पेरू दातांनी तोडायचे नाहीत, फोडी करून खायचे. हुरडा पार्टीला जा, पण सोबतचा गूळ-शेंगदाण्याचा कडक लाडू टाळा. नान खलियातला नान छोटे तुकडे करून रश्श्यात बुडवा. सुपारीचं पान तर विसराच. दुखतं म्हणून रोज उठून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. दात सरकायला शरीरात जी रसायनं लागतात तीच या गोळ्या कमी करतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी दातांचा वेग मंदावलेला दिसला आहे. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आपल्या शहराचा एक खास प्रॉब्लेमही आहे. तारा लागतात संभाजीनगरात आणि मग नोकरी लागते पुण्यात. चार-सहा आठवड्यांनी दाखवायचं असतं, पण शनिवारची सुट्टी मिळत नाही, बस चुकते आणि दोन-दोन अपॉइंटमेंट हुकतात. हिंजवडीला जायचं ठरतंय असं दिसलं की डॉक्टरांना लगेच सांगा. एक्स-रे, फोटो, दातांचे साचे सोबत घेऊन ट्रीटमेंट दुसऱ्या शहरात नेता येते. वाळूज किंवा शेंद्र्यात शिफ्ट असेल तर पुढच्या तीन तारखा एकदमच मागून घ्या.

बजेटचं टेन्शन असेल तर घाटीच्या परिसरातलं १९८२ पासूनचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, पैठण रोडवर कांचनवाडीला छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. गर्दी असते, पण खर्च बराच वाचतो.

अलायनर आणि 'इन्स्टंट स्माइल'

पारदर्शक अलायनर दिसायला कूल आहेत, यात वाद नाही. पण कॉम्प्युटरवर जे दात हललेले दिसतात, ते तोंडात तेवढेच हलतात असं नाही. २०२० मधल्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी निम्मीच प्रत्यक्षात झालेली दिसली, आणि पुढचे दात हाडात सरकवणं हे सगळ्यात अवघड कामांपैकी एक ठरलं. तुमचा डीप बाइट जास्त असेल तर अलायनरला किती 'रिफाइनमेंट' लागू शकतात, हे आधीच विचारा.

दोन बैठकांत हसू बदलून देणाऱ्या व्हेनीअरपासूनही जपून राहा. त्यासाठी चांगल्या दाताचं एनॅमल घासावं लागतं आणि ते परत येत नाही. डीप बाइट तसाच ठेवून वर व्हेनीअर लावलं तर खालचे दात त्यावर आपटत राहतात आणि एक दिवस तुकडा निघतो.

लग्नाचं काय?

तारीख पक्की असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पुढचे दात आधी रांगेत आणता येतात, दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट घेता येतात. काही डॉक्टर समारंभापुरते पुढचे ब्रॅकेट काढून नंतर पुन्हा चिकटवतात. त्यात थोडा वेळ जातो, पण मुळांना धोका नसतो. हे सगळं ऐकून आईने एकच विचारलं, "अगं, पण फोटोत काय दिसेल?" मी सांगितलं, दात दिसतील आई, चाळिशीतही दिसतील. मी तारांसकट बोहल्यावर चढणार आहे आणि होणाऱ्या नवऱ्याची काही हरकत नाही!

तारा निघाल्या म्हणजे संपलं, असंही नाही. डीप बाइट परत येण्यात पटाईत असतो. हिरडीतल्या काही तंतूंना नव्या जागेवर स्थिरावायला वर्षभर लागू शकतं आणि दात कितीही वेगात हलवले तरी हा काळ टळत नाही. म्हणून रिटेनर. सहा महिने वाचवायला जास्तीचे पैसे भरायचे आणि मग रिटेनर ड्रॉवरमध्ये टाकायचा, तर सगळ्याच मेहनतीवर पाणी.

पॅकेजवर सही करण्याआधी हे विचारा

• तुम्ही ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहात का?
• माझा डीप बाइट वरच्या दातांमुळे आहे, खालच्या दातांमुळे की दाढांमुळे? मग उपाय कोणता?
• बाइट टर्बो किंवा मिनी-स्क्रूचा उपयोग होईल का?
• वेग वाढवण्याच्या उपायाने माझ्या केसमध्ये नेमके किती महिने वाचतील आणि हे कशावरून?
• मुळांची झीज तपासायला मध्ये एक्स-रे कधी काढणार?
• रिटेनर किती काळ लावायचा आणि त्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का?

या सहा प्रश्नांची सरळ उत्तरं देणारे डॉक्टर भेटले तर बिनधास्त तारा लावा. 'सहा महिन्यांत गॅरंटी' एवढंच ऐकू आलं तर आणखी एका डॉक्टरांचं मत घ्या. त्यात एखादा शनिवार जाईल, पण दातांची मुळं वाचतील.